फुंकरीचे खेळ

सोमवार, ४

बंद म्हणजे बंद. टीव्हीची वायर काढून कपाटावर टाकली. टॅबलेट कुलपात. माझा मोबाइल स्वयंपाकघरात, सगळ्यात वरच्या फळीवर.

थोरलीच्या वर्गाच्या बाई शांतपणे म्हणाल्या, "मुलगी हुशार आहे. पण वर्गात असून नसते. सुट्टीत स्क्रीन पूर्ण बंद ठेवून बघा. शाळा उघडली की तोंडी परीक्षा घेऊ. नाहीतर हाच वर्ग पुन्हा." शेजारी उभी राहून थोरली हे ऐकत होती. आठ वर्षांची आहे, सगळं कळतं. जिन्यात म्हणाली, "मी असते की वर्गात."

घरी आल्यावर नवरा म्हणाला, "तू प्रुफं वाचायला बसतेस आणि दोघींच्या हातात मोबाइल देतेस. दुसरं काय होणार?"

खरंच आहे.

तीन आठवडे!

मंगळवार, ५

बटणांचा डबा रंगांप्रमाणे लावून झाला. चादरीचं घर झालं, मोडलं. चित्रं झाली. घड्याळात पाहिलं तर दहा वाजून पाच. धाकटी कमरेवर हात ठेवून समोर उभी — "आता काय?"

चाळीस पानं तशीच पडून आहेत.

बुधवार, ६

भेंड्या. थोरलीला "र" आला. "रा—" म्हणाली आणि थांबली. डोळे माझ्या खांद्यावरून मागे कुठेतरी. मग "—जा" म्हणाली, जसं काही मध्ये काहीच झालं नाही.

"किती वेळ लावते ही!" धाकटी.

"कुठे लावला? लगेच म्हटलं."

सासूबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "नजर खिळून राहायची सवय लागलीये त्या मोबाइलनं. उतरेल हळूहळू. धीर धर."

धरला.

शुक्रवार, ८

स्टॅच्यू. थोरलीला हरवणं अशक्य. धाकटीनं नाकाखाली पीस फिरवलं, कानात किंचाळली, पोटात बोटं खुपसली. पापणी फक्त थरथरली. मग एकदम हालली आणि विचारलं, "सुरू कधी करायचं?"

आम्ही हसलो. धाकटी रडली — "चीटिंग! ती खरीच पुतळा होते!"

शनिवार, ९

सापडलं! फुंकर!

जेवणाच्या टेबलावर कापसाचा बोळा, दोन बाजूंना दोघी, फुंकून एकमेकींच्या हद्दीत घालवायचा. मग कागदाची भिरभिरी. मग वाटीत साबणाचं पाणी आणि तारेचं कडं. पूर्ण दोन तास माझ्या नावानं हाक नाही. बावीस पानं वाचून झाली. चुकाही सापडल्या, म्हणजे डोकं जागेवर होतं.

याला म्हटलं, "बघ, जमतंय."

म्हणाला, "बघू."

सोमवार, ११

कागदावर रंगाचा थेंब, त्यावर नळीनं फुंकायचं, झाडं होतात. धाकटीचं अख्खं जंगल झालं. थोरलीचं एकच झाड. नळी ओठात तशीच, फुंकर नाही, नळीतून लाळ रंगात पडत होती.

"अगं, फुंक ना."

फुंकली. मी काही म्हटलं हे तिला माहीत नव्हतं.

दुपारी शुद्धलेखन घातलं. अक्षर नेटकं. पण दर चार-पाच ओळींत एखादा शब्दच नाही. चुकलेला नाही — नाहीच. सुटलेल्या शब्दाच्या जागी आम्ही प्रुफात हंसपद काढतो, ओळीखाली, टोक वर करून. तिच्या पानावर सात काढली. आळशी मूल शेवटचे शब्द गाळतं. ही मधले गाळते.

वाढतंय का हे? आठ दिवस स्क्रीन नाही, आणि वाढतंय?

मंगळवार, १२

यानं पाढे विचारले. तेराचा. "तेरा चोक—" आणि गप्प.

"पुढे?"

गप्प.

"लक्ष कुठंय तुझं? मी भिंतीशी बोलतोय का?"

हात उचलला. मी मध्ये गेले. तिनं वर पाहिलं आणि अगदी शहाण्यासारखं विचारलं, "काय विचारलंत, बाबा?"

"नाटकं!" हात टेबलावर आपटला. पेला पडला, काच धाकटीच्या पायाशी. मग सासूबाई केरसुणी घेऊन आल्या.

इतका का चिडतो? बाकी कशाला कधी चिडत नाही.

बुधवार, १३

धाकटीला न्हाऊ घालत होते. आपणहून म्हणाली, "काल ताई बंद पडली तेव्हा मी मोजलं. चौदा झाले. बाबांनी हात उचलला ना, तेव्हा चालू झाली."

"बंद पडली म्हणजे?"

"बंद पडते ना ती. पंख्यासारखी. मग आपोआप चालू होते." साबण डोळ्यात गेला म्हणून ओरडली, मग पुढे — "टीव्ही होता तेव्हापण पडायची. मी मोजते."

पाच वर्षांची आहे. शंभरपर्यंत आकडे येतात, त्याचा उपयोग शोधला तिनं.

आणि माझा धंदा काय? सुटलेलं शोधणं!

गुरुवार, १४

आज काम बाजूला. वही घेऊन थोरलीच्या मागे मागे. वेळ, किती सेकंद, काय चाललं होतं. एकोणीस वेळा. सगळ्यात लांब अठरा सेकंद.

संध्याकाळी पान प्रूफ वाचतात तसं वाचलं — अर्थाकडे न बघता, ओळ न् ओळ. भिरभिरं. बोळा. फुगे. फुगे. बोळा. एकोणीसपैकी बारा वेळा फुंकर.

पुन्हा वाचलं. बाराच.

मीच तर शोधून काढले हे खेळ. वर टाळ्या वाजवत होते.

सगळी भिरभिरी गोळा करून फडताळात टाकली. धाकटीनं घर डोक्यावर घेतलं. घेऊ दे.

याला पान दाखवलं. म्हणाला, "मुलं तंद्रीत जातातच. डॉक्टरकडे नेऊन वेडी ठरवायचीये का तिला?"

"उद्या अकराला जातेय. यायचं तर ये."

शुक्रवार, १५

आला. खुर्चीवर बसला नाही, दाराला पाठ लावून उभा.

डॉक्टरीणबाईंनी माझं पान वाचलं, परत वरून वाचलं. एक साधा कागद थोरलीच्या तोंडासमोर धरला — "हा खाली येऊ द्यायचा नाही. फुंकत राहा. जोरात. अजून."

दुसऱ्या मिनिटाला कागद खाली आला. डोळे उघडे, पापण्यांची थरथर. बाई हळूच म्हणाल्या, "टोपी." मी मनात मोजत होते. अकरा, बारा. कागद पुन्हा उडायला लागला.

"मी आत्ता कुठला शब्द म्हणाले?"

"कुठलाच नाही. तुम्ही गप्प होतात."

बाई आमच्याकडे वळल्या. "खोटं बोलत नाहीये ती. शब्द तिच्यापर्यंत पोचलाच नाही. हे झटके आहेत, छोटे. जोरजोरात श्वास घेतला की येतात. मेंदूचा आलेख काढू, औषध सुरू करू. बहुतेक मुलांचं मोठेपणी जातं."

"आणि टीव्ही, मोबाइल?"

"त्याचा इथे हात नाही. कमी बघितला तर चांगलंच, पण ते वेगळं." शाळेसाठी चिठ्ठी लिहिता लिहिता विचारलं, "घरात आणखी कुणाला असं होतं? लहानपणी?"

"नाही." हा म्हणाला. लगेच.

थोरलीनं जिन्यात माझा हात धरला. "म्हणजे मी वर्गात होते ना?"

"होतीस."

शनिवार, १६

डॉक्टरांचा प्रश्न सासूबाईंना सांगितला. घडी घालत होत्या, हातातला टॉवेल मांडीवर ठेवला. मग — "याचंही लहानपणी असंच होतं. बोलता बोलता थांबायचा. मास्तर छड्या मारायचे, घरी मी मारायचे. बाराव्या वर्षी आपोआप थांबलं. आम्हाला वाटलं, मारानं सुधारला."

हा दारात उभा होता. म्हणाला, "मलाही तेच वाटत आलंय."