गल्ल्याखालच्या खणातला शिक्का

प्रिय मिरान,

परक्या पाटीखाली कोंबडी तळणाऱ्या आपण साऱ्या दुकानदारणी, आणि आपलं दुखणंही एकच: पाटी कंपनीची, चटके आपले. परवा फोनवर तू रडत म्हणालीस, "ताई, संपलं. गुरुवारी कंपनीचे बे साहेब येणार, कागदावर माझा सहीचा शिक्का घेणार, आणि करार मोडणार." गुन्हा काय तुझा? कोंबडीसोबत कंपनीच्या डब्यातला मुळा न देता घरी व्हिनेगरात मुरवलेला दिलास!

मला राग आलाच, पण त्याहून एक प्रश्न डोक्यात भुणभुणत राहिला. करार मोडायची ताकद त्यांच्याच हातात असेल, तर त्यांना तुझा शिक्का कशाला हवा? ज्याच्याकडे किल्ली आहे, तो दार का वाजवतो?

सकाळी वाचनालयात जाऊन फ्रँचायझीचा कायदा मागितला. तिथली पोरगी हसली, "आजी, पाककृतींचं कपाट तिकडे आहे." म्हटलं, "तळता येतं गं मला. तळणारीलाच कढईत कसं टाकतात, ते बघायचंय." बिचारीने मग खुर्ची दिली, वाचायला तिथला चष्माही दिला.

मिरान, तिथे स्वच्छ लिहिलंय. काही गंभीर गुन्हे सोडले, तर मुख्य कार्यालयाला असा तडकाफडकी करार मोडता येत नाही. चूक कोणती, आणि ती सुधारली नाही तर करार मोडू, हे लेखी कळवावं लागतं. तेही एकदा नाही, किमान दोनदा. आणि सुधारायला किमान दोन महिने द्यावे लागतात. तुला एक तरी पत्र आलंय का? फोनवरच्या धमकीला तिथे जागा नाही. उद्यापासून त्यांच्या डब्यातला मुळा वाढ, म्हणजे चूकच उरली नाही. तुझा मुळा त्यांच्यापेक्षा चांगला आहे, पण तो मला पाठव, मी खाईन.

मग गुरुवारचा कागद कसला? 'दोघांच्या संमतीने करार संपवत आहोत', असला. त्यावर शिक्का उमटला, की तुला कुणी काढलंच नाही, तू आपणहून निघालीस. ढकललेल्याला कायदा हात देतो. स्वतः पायऱ्या उतरलेल्याला कसा देणार?

हे वाचलं, आणि मला माझाच कागद आठवला. माझं दुकान कंपनीने बंद केलं, असं मी तुला, साऱ्या गल्लीला सांगत आले. ते खरं नाही. सहा वर्षांपूर्वी, ऐन गर्दीच्या संध्याकाळी हेच बे साहेब नाशपातींची पेटी घेऊन आले. दोन्ही कढया भरलेल्या, माझे हात कोपरापर्यंत तेलकट. असाच कागद पुढे करून "काकू, नुसती औपचारिकता," म्हणाले. पार्सल पोचवणारा पोचपावतीवर शिक्का मागतो तेव्हा सांगतो ना आपण, तसंच मी मागे न बघता म्हणाले, "खणात आहे, तुम्हीच मारा." त्यांनी मारला. वर मला नाशपाती सोलून दिली, आणि मी ती खाल्ली. गोड होती.

तुझाही शिक्का गल्ल्याखालच्या खणातच असतो, रबरी हातमोज्यांशेजारी, मी पाहिलाय. हे पत्र त्याच्यासाठी लिहितेय. एवढं वाचून झालं की ऊठ, तो शिक्का खणातून काढ, आणि आजच्या आज घरी ने.

तेलाच्या डागांसकट तुझीच,
ओकबुनताई