नववा प्रश्न

४ फेब्रुवारी

चि. भाऊस,
अ. उ. आ.

घाबरून लिहितेय असं समजू नकोस, रागाने लिहितेय. तुझी लाडकी भाची, आमची बारकी, इंग्रजी शिकवायला निघाली आहे. कुठे, तर जिथे लढाई चालू आहे तिथे. शाळा एका बंद कापडगोदामाच्या तळघरात भरते आणि तोफा अठरा किलोमीटरवर आहेत, हे तिने मला बाजारभाव सांगावा तसं सांगितलं. तिथल्या इस्पितळात परदेशी डॉक्टर आहेत, मुलांना आपलं दुखणं त्यांना सांगता यावं म्हणून इंग्रजी हवं, म्हणे. जागा दोन आहेत. त्यातल्या एकीला ही सापडली.

हे म्हणतात, मोठी झाली, तिचं तिला कळतं. एवढं बोलून पुन्हा पेपरात डोकं. तिला इंग्रजी तू शिकवलंस, तेव्हा निस्तरायचंही तूच. पंखा घेताना नऊ प्रश्न विचारून दुकानदाराला घाम फोडणारा तू, आता या शाळेलाही फोड. ती तुझ्या शब्दाबाहेर नाही.

उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
तुझी ताई

९ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

काळजी सोड, काम माझ्याकडे आलं आहे. आणि पंख्याचे प्रश्न नऊ नव्हते, अकरा होते. तो पंखा अजून फिरतो आहे.

बारकीला नुसतं नको म्हटलं तर ती आजच बॅग भरेल. म्हणून मी शाळेच्या मोठ्या बाईंनाच बावीस प्रश्न पाठवले आहेत. पायऱ्या किती, दार आत उघडतं की बाहेर, पाणी किती दिवसांचं साठवता, सगळं. नववा प्रश्न माझा हुकमी आहे : मागच्या वर्षाच्या हजेरीपटाची नक्कल पाठवावी. मी कॉलेजची पायरी चढलो नाही, रेडिओ दुरुस्त करता करता त्यांच्या माहितीपुस्तकांवरून इंग्रजी शिकलो. पण गेल्या चौदा वर्षांत दुकानावरच्या माझ्या इंग्रजीच्या वर्गाच्या हजेरीत कुणी एक खाडाखोड दाखवावी. शाळा कशी आहे ते हजेरीपट सांगतो. एक उत्तर जरी डळमळीत आलं तरी बारकी जात नाही, हा माझा शब्द.

लोभ आहेच, भांडणाला पुरून उरेल इतका.
तुझा भाऊ

११ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

उत्तरं आली. त्यातली एकवीस इतकी चोख, की मला नावं ठेवायला जागा नाही. पायऱ्या चौदा, सातवी तुटकी. दार बाहेर उघडतं. दुसरी वाट कोळशाच्या खोलीतून. पाणी सहा दिवसांचं. नोव्हेंबरात दोन गल्ल्या सोडून तोफगोळा पडला आणि आधीचे शिक्षक पाय गमावून घरी गेले, हे तर बाईंनी न विचारता लिहिलं आहे. बाई लपवाछपवी करत नाहीत, एवढं मान्य.

पण नवव्या प्रश्नाला एकच ओळ : आमच्याकडे वर्गात हजेरी घेत नाहीत. जिथे पायऱ्या मोजतात आणि मुलं मोजत नाहीत, तिथे माझी भाची जाणार नाही. बारकीला तसं कळवलं आहे. बाईंनाही दोन खरमरीत पानं धाडली आहेत. आता निवांत झोप.

तुझ्या शाबासकीचा हक्कदार,
भाऊ

१९ मार्च

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून आधी रागावले. मग बाईंना फोन लागेपर्यंत चार दिवस गेले.

पूर्वी तिथेही हजेरी घेत. त्या गोळ्यानंतर आठवड्याने शाळा भरली, तेव्हा बाईंनी सवयीने नावं वाचायला घेतली. तीन नावांना उत्तर आलं नाही. चौथी मुलगी समोरच बसली होती, पण तीही बोलली नाही. मग पुढचं कुणीच बोललं नाही. त्या दिवसापासून पट बंद. आता मुलं येताना एका डब्यातलं बटण उचलून दुसऱ्यात टाकतात. गोदामात बटणांना तोटा नाही. जागाही कुणाची ठरलेली नाही, रोज कुठेही बसायचं, म्हणजे रिकामी जागा कुणा एकाची राहत नाही. बटणं कमी भरली, की शाळा सुटल्यावर बाई स्वतः घरोघर जाऊन बघतात. मामा, त्या तुमच्यापेक्षा जास्त मोजतात. हे तुम्हाला का कळवलं नाही असं विचारलं, तर म्हणाल्या, लिहायला हात चालला नाही.

मी वीस एप्रिलला निघते आहे. दुसरी जागा अजून रिकामी आहे. तिथे दिवे सारखे जातात, आणि पुस्तक-फळ्याशिवाय शिकवणारं कुणी त्यांना मिळत नाही. दुकानावरच्या खोलीत वीज गेली म्हणून तुम्ही वर्ग कधी सोडला नाहीत, हे मी त्यांना सांगून बसले आहे. पदवी विचारत नाहीत. मात्र माझ्यावर पहारा ठेवायला येणार असाल, तर घरीच राहा.

तुमच्याच हाताखाली हट्ट शिकलेली,
बारकी

२ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मी चुकलो. माझ्या हातचं हे वाक्य जपून ठेव, पुन्हा मिळेलच असं नाही. सोबत बारकीचं पत्र आहे, ते आधी वाच.

ते आलं त्या संध्याकाळी मी वर्गात नेहमीसारखा पट उघडला. अकरा जणांनी उत्तर दिलं. बाराव्या नावाची मुलगी सर्दीने घरी होती, तसा तिचा निरोपही आला होता. तरी तिच्या नावापाशी मी अडकलो आणि पुढचं नाव तोंडातून निघेना. चौदा वर्षांत पहिल्यांदा हजेरी अर्धी राहिली.

दुसऱ्या दिवशी बाईंची क्षमा मागितली आणि त्याच पाकिटातून अर्ज धाडला. शिक्षणाच्या रकान्यात स्वच्छ लिहिलं, नाही. मी घाबरतो का, असाही एक रकाना होता. तिथे लिहिलं, हो. काल फोनवर बाईंचा होकार आला. दुकानाची किल्ली शेजारच्या शिंप्याकडे देतो आहे.

तू मला बारकीला थांबवायला सांगितलंस आणि मीच निघालो, हे लिहिताना तीन कागद फाडले. तिथे धोका नाही असं म्हणणार नाही. मी पहारा ठेवायला जात नाही, शिकवायला जातो आहे. तू नको म्हणालीस तरी आम्ही जाऊ, पण ते ओझं घेऊन चालणं जड जाईल.

रागावलीस तरी लोभ तेवढा कमी करू नकोस.
भाऊ

२७ एप्रिल

चि. भाऊस व चि. बारकीस,
अ. उ. आ.

पोचल्याचा निरोप मिळाला. चोराला धरायला माणूस पाठवावा आणि त्याने चोराच्याच गाडीत बसून टाटा करावा, तसं तू केलंस, भाऊ. स्टेशनवर तू मला काहीतरी बोल म्हणालास आणि मी डब्याचं झाकण नीट लागलंय का तेवढंच विचारलं. दुसरं काही विचारलं असतं तर गाडी सुटू दिली नसती.

दोन दिवस टेबलाशी बारकीची खिडकीकडची खुर्ची तशीच होती. आम्ही दोघं तिच्याकडे न बघता जेवत होतो. तिसऱ्या दिवशी मला तुमच्या बाईंचं डोकं कळलं. आता तिच्या खुर्चीत मी बसते, माझ्या खुर्चीत हे. कोपर भिंतीला लागतं म्हणून कुरकुर चालली आहे, चालू दे. उद्या पुन्हा बदलणार आहोत.

ती सातवी पायरी आधी दुरुस्त कर. रेडिओ जुळवतोस, तुला एक पायरी जड नाही.

आणि तुमच्या बाई त्यांच्या जागी बरोबर असतील, पण या घरात हजेरी होणार. रोज सकाळी चहा ठेवताना मी तुम्हा दोघांची नावं मोठ्याने घेते. कालपासून हे आतून दोघांच्या वतीने हजर म्हणतात. पण ते मी धरत नाही. उत्तर तुमच्या हातच्या पत्रानेच यायला हवं. उशीर चालेल, खाडा चालणार नाही.

पट उघडा ठेवून बसलेली,
ताई