गुडघ्यावरचा ताईत

आईला उसेनूचा सलाम,

लिहिण्यात चुका झाल्या तर माफ कर, फोनवर एकेक अक्षर शोधतोय. आपल्या असानकडून वाचून घे.

मी मजेत आहे. रविवारचे दोन्ही गोल तिकडे आपल्या म्बूरला सगळ्यांनी टीव्हीवर बघितले ना? इथल्या क्लबात सगळ्यात जास्त गोल माझेच आहेत. फक्त तू गुडघ्याला बांधलेला ताईत डॉक्टरांनी कापला. तिथेच सुई टोचतात, मग खेळताना दुखत नाही. सामना संपला की पायच टेकवत नाही. कोच म्हणतो, "गोल होतायत ना, मग रडतोस कशाला?" मला उलट बोलता येत नाही.

आई, नवा ताईत नको पाठवू. तू एकदा "घरी ये" म्हण. म्हणशील ना?

तुझाच,
उसेनू

अगं, घरमालकिणीच्या मांजरीला माझ्या बुटांच्या खोक्यात पिल्लं झालीत.