दुकानामागची चेरी

प्रिय भिंगरी,

तुझ्या चेरीला फुलं आली! सात वर्षांनी! तुझी आई सकाळपासून शेजारणींना बोलावून बोलावून दाखवतेय, जणू झाड तिनंच वाढवलं. बिया तीन महिने गारठ्यात राहिल्याशिवाय रुजत नाहीत, म्हणून मी ओल्या वाळूचा डबा फ्रिजमध्ये ठेवला होता, तेव्हा बाईसाहेब म्हणाल्या होत्या, एक तर हा डबा राहील नाहीतर मी.

नोकरीला निघालीस त्या दिवशी दवाखान्यासमोरच्या चेरीच्या झाडाखालच्या बिया माझ्या हातात कोंबल्यास, आठवतं? तू जहाजांची इंजिनं दुरुस्त करायला निघालेली, आणि मी शिलाईच्या दुकानाच्या पाटीवर ‘आणि कन्या’ रंगवून बसलेलो. केवढे भांडलो आपण! बिया फेकूनच देणार होतो.

नाही फेकल्या. पेरताना मात्र अक्कल पाजळली. बिया घातलेल्या कुंड्यांवर शिंप्याच्या खडूनं खुणा केल्या, आणि पहिल्याच पाण्यात खुणा साफ! मग काय, बसलो अकराच्या अकरा कुंड्यांना पाणी घालत. एका तणाला तर मी दोन महिने लेकरासारखं जपलं. खरं रोप निघालं मागच्या दाराच्या फुटक्या कुंडीत. तेच पुढे दुकानामागे जमिनीत लावलं.

फुलं पांढरी आहेत. दवाखान्यासमोरची गुलाबी होती ना? मी हिरमुसलो, खोटं कशाला सांगू. रोपवाटिकेवाला म्हणाला, बियांचं असंच, आईवर जातीलच असं नाही. गुलाबीच हवी तर हे छाटून त्या झाडाची फांदी कलम करून देतो. अवजारंही घेऊन आला होता. मी बराच वेळ झाडाखाली उभा राहिलो आणि त्याला चहा पाजून परत पाठवलं.

तीन वर्षं तू सुट्टीत मैत्रिणीकडे उतरतेस. आई म्हणते, पोरीला कामं असतात. माझी दुकानाची टकळी नको म्हणून येत नाहीस, एवढं कळतं मला. चूक माझीच होती. काल शिडी लावून पाटीवरचे ते दोन शब्द खरवडून काढले. माझ्यानंतर दुकान आपली काजंबटणवाली मावशी चालवेल, तिच्याशी बोलणं झालंय. तू आलीस तर दुकानाचा विषयही काढणार नाही, आईची शपथ. (आईनं हे वाचून डोळे वटारलेत.) फुलं जेमतेम आठवडाभर टिकतात गं. ये.

वाट पाहणारा, तुझाच
बाबा