मोकळ्या जागेचं पान

१२ सप्टेंबर २००८

आज एकवीस मिशा कापल्या. सगळे विसर्जनाचे फ्लेक्स. कापल्या म्हणजे कॉम्प्युटरवर – फोटोतल्या माणसाच्या कडेकडेने माउस फिरवत जायचं, मागचं अंगण, दोरीवरचे कपडे, शेजाऱ्याची म्हैस काढून टाकायची आणि तिथे सूर्योदय लावायचा. माणूस साधा ग्रामपंचायत सदस्य, पण सूर्य त्याच्या टाळूतूनच उगवला पाहिजे. एकनाथशेठ मागे उभे राहून म्हणाले, "पल्लवे, तुझा हात मिशीवर लई बसलाय." दुकान त्यांचं, त्यामुळे हसले.

पेपरात जाहिरात आली आहे. पुण्यात डिझाइनचा एक वर्षाचा कोर्स. खेड्यातल्या मुलामुलींसाठी फी-माफ जागा एकच. अट अशी: डिझाइनच्या तत्त्वांवर एक छोटं पुस्तक करायचं. हाताने काढलेलं, हाताने शिवलेलं, चोवीस पानं. २० नोव्हेंबरपर्यंत.

मला ही जागा हवी आहे. नाहीतर पौडच्या स्टँडसमोर म्हातारी होईपर्यंत मिशा.

१३ सप्टेंबर

तत्त्वांची यादी केली. समतोल, प्रमाण, लय, विरोध, मोकळी जागा. आमच्या दुकानात यातलं काहीही मिळत नाही.

१९ सप्टेंबर

प्रमाणाचं पान आज उपसरपंचांनी फुकट दिलं. पट्टी घेऊन आले आणि स्क्रीनवर डोकी मोजली. "सरपंचाचं डोकं माझ्यापरीस अर्धा इंच मोठं का?" म्हटलं, ते सरपंच आहेत. जरा विचार करून म्हणाले, "बरं. मग पुढल्या टायमाला बगू."

घरी, आमच्या रिहे गावात आल्यावर काढलं – एक कलिंगड, एक नारळ, एक लिंबू, तिघांना मिशा. खाली लिहिलं: आकारावरून पद कळतं. कुणी भांडायला आलं तर पट्टी द्यावी.

२५ सप्टेंबर

बांधणीचा पहिला प्रयत्न. फेव्हिकॉल लावला. पुस्तक उंदराच्या सापळ्यासारखं उघडतं आणि बोटावर मिटतं. दुकानामागेच शेठचं घर आहे, गोजराकाकूंनी खिडकीतून पाहिलं. काकू म्हणजे शेठची बायको. आधी हसल्या, मग हात पुसत आल्या.

"फेव्हिकॉल लावून बुक व्हतंय व्हय? आन हिकडं."

फ्लेक्स यायच्या आधी इथे छापखाना होता हे मला माहीत होतं. पण वीस वर्षं त्यातली सगळी पावतीपुस्तकं आणि रजिस्टरं काकूंनी शिवली, हे आज कळलं. फ्लेक्स आला, शिवायचं बंद झालं, तेव्हापासून कुणी त्यांना काही विचारलेलं नाही. दोन कागद एकात एक घालून मधोमध दुमडायचे, की आठ पानांचं एक जुज. माझी तीन जुजं. ती मेणाच्या दोऱ्याने एकमेकांना शिवायची. काकूंनी दोरा दातात धरला आणि एकदम दहा वर्षांनी लहान दिसायला लागल्या. हे खोटं नाही लिहीत.

२ ऑक्टोबर

काकूंनी खळ शिजवली. मैदा, पाणी आणि किडे लागू नयेत म्हणून मोरचूद, म्हणजे विषच. शेठनी खीर समजून चमचाभर घेतली. काकूंनी ती तोंडात जायच्या आत असा काही फटका मारला की चमचा पलीकडच्या भिंतीला चिकटला. चिकटूनच राहिला. खळ उत्तम झाली आहे.

फ्लेक्सच्या तुकड्याचं कव्हर करायचा माझा बेत फसला. फ्लेक्सला खळ लागत नाही. मांजरपाट घेतलं.

९ ऑक्टोबर

समतोल झाला, लय झाली, विरोध झाला. अडलं आहे ते मोकळ्या जागेवर.

उदाहरणच नाही. आमच्याकडे दोन इंच कोरे सोडले तर गिऱ्हाईक बोट ठेवतं: "हितं मेव्हणा बसतोय की." आणि मेव्हणा बसतो. अख्ख्या मुळशीत मोकळी जागा उरली आहे ती धरणाच्या पाण्यावर, आणि काठाचे प्लॉट विकायला निघालेत. चांगलं मोकळं काही मी स्वतः केलेलंच नाही, तर पुस्तकात काय दाखवू? बोधामृत पाजायचं का परीक्षकांना?

१६ ऑक्टोबर

देव आहे! २१ला शेठचा पन्नासावा वाढदिवस. म्हणाले, "माझा फ्लेक्स तुझ्या मनानं कर. जन्मात एकदा मोकळीक देतो."

मोकळीकच हवी होती.

१८ ऑक्टोबर

झाला. दहा बाय आठ फूट, सगळा पांढरा. मधोमध शेठ, काळ्या-पांढऱ्यात, शांत चेहरा. मिशी मी केसागणिक कापली आहे. खाली फक्त नाव. त्याखाली बारीक अक्षरात १९५८ – २००८. पन्नास वर्षं. बाकी काही नाही. शुभेच्छुक नाहीत, सूर्य नाही, मेव्हणा नाही. इतकं सुंदर काही माझ्या हातून झालेलं नाही.

दुकानातल्या प्रिंटरवर एक छोटी प्रत काढून ड्रॉवरमध्ये ठेवली. पुस्तकासाठी.

२० ऑक्टोबर

पिरंगुटला छापून आणला. तिथला छापणारा एरवी दहा चुका काढतो. आज एक शब्द बोलला नाही. गुंडाळी दोन्ही हातांनी दिली. चांगल्या कामाचा दरारा असतो.

२१ ऑक्टोबर

मी गाढव आहे.

सकाळी सातला फ्लेक्स स्टँडवर लावला. शेठ शाई आणायला पहाटेच पुण्याला गेले होते, फोन घरी चार्जिंगला. नऊ वाजता दुकानासमोर चार माणसं. साडेनऊला चाळीस. पांढऱ्या टोप्या, पडलेले चेहरे. मी आत मिशा कापत होते, मला वाटलं पाणी आलं नाही म्हणून मोर्चा असेल. दहाला कुणीतरी बांबू आणून भिंतीला टेकवले. पाठोपाठ मडकं आलं.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बाहेर धावत जाऊन ओरडले, अहो वाढदिवस आहे, वाढदिवस आहे शेठचा! लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. "पोरीला धक्का बसलाय," म्हणून मला खाली बसवलं आणि पाणी पाजलं. ज्या उपसरपंचांचं शेठशी पटत नाही ते भाषणाला उभे राहिले. चांगलं बोलत होते.

एक वाजता शेठ आले. गर्दी पाहिली, एम-एटी कडेला लावली, टोपी काढली, आणि सगळ्यात मागे हात जोडून उभे राहिले. शेजारच्याला हळूच विचारलं, "कोण गेलं?"

शेजारचा बेशुद्ध पडला. पुढचं लिहायला हात चालत नाही, हसून हसून पोट दुखतंय. नोकरी शाबूत आहे. शेठ म्हणाले, "सव्वाशे माणूस आलं. वाढदिवसाला पंधरा आलं असतं."

२२ ऑक्टोबर

काल एक गोष्ट लिहिली नाही.

काकू माहेरी, मालेला होत्या. अकराच्या एसटीने परत येत होत्या, नवऱ्याच्या वाढदिवसाला माहेरचा तांदूळ घेऊन. गाडी स्टँडात वळली आणि खिडकीतून त्यांना तो फ्लेक्स दिसला. त्यांनी तिथेच, सीटच्या दांडीवर बांगड्या फोडल्या. कुंकू पुसलं. उतरल्या, दुकानाच्या पायरीवर येऊन बसल्या, आणि शेठ येईपर्यंत दोन तास तिथून हलल्या नाहीत. मी सांगत होते त्यांना. ऐकू जात नव्हतं.

शेठ समोर आले तेव्हा काकूंनी तांदळाची पिशवी उचलून त्यांच्या पाठीत घातली. सगळे हसले. मीही हसले. मग काकूंनी स्वतःच्या मनगटांकडे पाहिलं. काचेने कापलं होतं.

माझ्यामुळे. एवढंच.

२५ ऑक्टोबर

कासार घरी येऊन नव्या बांगड्या भरून गेला. शेठ शेवटपर्यंत शेजारी बसून होते, जिवंत असल्याचा पुरावा म्हणून.

संध्याकाळी काकू दुकानात आल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "त्ये चित्र तू बुकात घालनार हायेस का?"

मी ड्रॉवरकडे पाहिलं.

"नगं घालू. बसमदी आमच्या आळीतल्या चौघी व्हत्या. रोज नळावर इचारत्यात, काकू, शेठ हायेत न्हवं आज? आन हसत्यात. मी त्या दिशी काय केलं त्ये बुकात जायला नगं. एवढंच मागते."

शपथ घेतली. त्यांचा हात धरून घेतली.

३ नोव्हेंबर

दिवाळीत काम बंद होतं. आज पुन्हा सुरू. मोकळ्या जागेचं पान कोरं ठेवायचं ठरलं. अगदी कोरं. कुणी विचारलं तर म्हणायचं, हीच ती.

९ नोव्हेंबर

शिवण झाली. दुपारी लाइट नसते, तेव्हा आम्ही दोघी मागच्या ओट्यावर बसतो. मी टोच्याने भोकं पाडते, काकू दोरा ओढतात. दोनदा उसवायला लावलं. "सैल शिवलं तर पानं हालत्यात, लई आवळलं तर कागूद फाटतोय." सगळं शिवून झाल्यावर त्यांनी पुस्तक उघडून ओट्यावर ठेवलं. सपाट पडलं. हात न लावता. काकू बघतच राहिल्या. मग पानं उलटत त्या कोऱ्या पानाशी थांबल्या.

"ह्ये ऱ्हायलं का गं?"

म्हटलं, तसंच असतं काकू. मोकळी जागा.

त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. त्यांना कळलं होतं.

१२ नोव्हेंबर

पुस्तक तीन दिवस काकूंच्या पाट्याखाली दाबून ठेवलं होतं. आता मिरचीचा वास येतो. परीक्षकांना शिंका येणार.

१८ नोव्हेंबर

पुस्तक पुरं झालं. बैठक मारून पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलं, परक्या माणसासारखं.

बरं आहे. बांधणी फर्मास आहे, माझी पानं बरी आहेत. कलिंगडाला लोक हसतील. पण जागा एक, आणि बरी पुस्तकं शंभर येणार. कोरं पान म्हणजे पळवाट, ते शाळकरी पोरालाही सुचतं. मी जे एकच शिकले ते या पुस्तकात नाही.

ड्रॉवर उघडला नाही. किल्ली कुठे आहे ते मात्र पाहिलं.

१९ नोव्हेंबर

चिकटवलं. त्या कोऱ्या पानावर, ड्रॉवरमधली प्रत.

काकूंनीच शिजवलेली खळ, तळाशी थोडी उरली होती. खाली लिहिलं: "हा वाढदिवसाचा फ्लेक्स आहे. तो पाहून सव्वाशे माणसं प्रेतयात्रेला जमली. एका बाईने एसटीत बांगड्या फोडल्या. मोकळ्या जागेत काय वाचायचं ते बघणारा ठरवतो. मला वाटत होतं मी ठरवते."

पुण्यात काकूंना कोण ओळखतं? कोण सांगायला येणार आहे? परीक्षक तीन, ते बघतील आणि पुस्तक कपाटात जाईल.

हे सगळं मी स्वतःला समजावते आहे, हे मला कळतंय. लाज वाटते. काढणार नाही.

२० नोव्हेंबर

देऊन आले.

६ डिसेंबर

मुलाखत. दोन सर, एक मॅडम. पानं सभ्यपणे उलटत होते. कलिंगडाला तिघं हसले. त्या पानाशी थांबले. पहिले सर मोठ्याने हसले, मग मॅडमनी खालचं वाचलं आणि त्यांचं हसू गेलं.

"खरं घडलंय?"

हो.

"ती बाई कोण?"

ओळखीची आहे, म्हटलं. मग मॅडमनी बांधणीवरून बोट फिरवलं. कुणाकडे शिकलीस? मी म्हटलं, आमच्या दुकानात एक काकू आहेत. दोन बायका झाल्या. एकच आहे ते त्यांना कळलं नाही.

१३ डिसेंबर

निवड झाली. माझी. एकच जागा, ती मला!

शेठनी पत्र मोठ्याने वाचायला लावलं. अर्धं वाचलं. दुसऱ्या अर्ध्यात असं आहे की २० तारखेपासून सगळ्या पुस्तकांचं प्रदर्शन आहे, आणि माझं पुस्तक दारातच, काचेखाली, बावीस नंबरच्या, म्हणजे त्याच पानावर उघडून ठेवतील. ते पान मोठं करून भिंतीवरही लावणार आहेत. हे मी वाचलं नाही. शेठना अभिनंदनाचा फ्लेक्स करायचाय, सूर्य माझ्याच टाळूतून. काकू रडल्या. मीही रडले, पण सगळं आनंदाने नाही.

१९ डिसेंबर

प्रदर्शनाची बातमी पेपरात आली, शेठनी वाचून दाखवली. काकूंनी उद्यासाठी जीप ठरवली आहे. नळावरच्या त्या चौघींनाही बोलावलंय. म्हणाल्या, "लई हसत्यात ना, बघूंद्या आता. बांधनी माजी हाय."

सकाळी आठला निघायचं आहे. मला पुढच्या सीटवर बसवणार आहेत.