गच्चीवरचा डिटेक्टिव्ह

६ नोव्हेंबर, गुरुवार
माझी बायको जमीला जाऊन चार महिने झाले. माझं मन रमावं म्हणून पोराने, परवेजने, जुनी खुनाची मालिका टीव्हीवर लावून दिली. तीच, गुरुवारची, हसतखेळत मुडदे पडणारी. ती पहिल्यांदा लागायची तेव्हा भवानीनगरच्या आमच्या आळीत टीव्ही फक्त आमच्याकडे. शेवटच्या जाहिरातीआधी प्रत्येकाने खुन्याचं नाव चिठ्ठीवर लिहून बिस्किटाच्या डब्यात टाकायचं. बरोबर निघेल त्याला पेढा. मी बावीस पेढे खाल्लेत.
संकल्प: दर गुरुवारी एक भाग. खुनी आधी ओळखायचा.
आज चुकलो. चित्र फार स्वच्छ आहे. पडद्यावर मुंग्या नसल्या की एकाग्रता होत नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
शेजारचे नीळकंठराव आले. तेव्हापासूनचे प्रेक्षक. मी खुनी माळी म्हणालो. दहा मिनिटांत माळ्याचाच खून झाला. चष्म्याचा नंबर बदललाय.
नीळकंठराव म्हणाले, "युनूसभाई, तवा तर तुमी अँटेना फिरवत गच्चीवर असायचा. तितनं कसं वळखायचा?"
यालाच डोकं म्हणतात. वाऱ्याने चित्र गेलं की मी वर. 'आलं का?' विचारायचो. जमीला खालून 'आलं' म्हणायची. मग मी खुन्याचं नाव ओरडायचो आणि ती माझी चिठ्ठी लिहायची. नुसतं लिहायला काय लागतं.

१७ नोव्हेंबर, सोमवार
प्लॅन ठरला. गुरुवारी निळ्या बंगल्याचा भाग. खुनी डॉक्टर. पक्कं आठवतंय, कारण त्याच दिवशी माझी दाढ काढली होती, त्या रागात दणकून 'डॉक्टर' ओरडलो होतो. पेढा दुसऱ्या बाजूने चावला.
नीळकंठराव आणि पद्मावहिनींना जेवायला बोलावलंय. जमीलाची बिर्याणी करीन. सोपी असते.

२० नोव्हेंबर, गुरुवार
बिर्याणी करपली. पातेलं पातळ आहे.
खुनी मावशी निघाली. मी म्हणालो, भाग बदललाय. नीळकंठराव म्हणाले, "न्हाय ओ. तवाबी मावशीच हुती. तुमच्या चिठ्ठीवर मावशीच लिवलेलं. म्या हारलो हुतो, ध्यानात हाय."
पद्मावहिनी घाईने म्हणाल्या, भात चांगला झालाय.

२१ नोव्हेंबर, सकाळी
नीळकंठरावांना खोटं पाडायला जमीलाच्या ट्रंकेतून तो बिस्किटाचा डबा काढला. तिने सगळ्या चिठ्ठ्या जपल्यात. 'मावशी – युनूस.' अक्षर तिचं.
म्हणजे मी वरून काहीही ओरडायचो आणि ती खाली बरोबर नाव लिहायची. बावीस वेळा. तिच्या स्वतःच्या नावाची एकही चिठ्ठी नाही.
पेढा तिला माझ्यापेक्षा जास्त आवडायचा. अर्धा द्यायचंसुद्धा मला कधी सुचलं नाही.
डोळ्यांना पाणी. ट्रंकेतल्या डांबरगोळ्यांनी नव्हे.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
मालिका लावली नाही. पेढे आणले. ताटलीत एकच काढला, तिचा.
संध्याकाळी गच्चीवर गेलो. अँटेनाचा नुसता पाइप उरलाय. तो थोडा फिरवला. विचारलं, आलं का?
खालून पद्मावहिनींनी विचारलं, "काय आलं, भाऊ?"
म्हणालो, नळाला पाणी.
त्या म्हणाल्या, आज आपला वार न्हाय.