भरती बंद

बाबा, तुम्हाला मासळीतलं ओ की ठो कळत नव्हतं. गुजराती शेजारातल्या आपल्या अकोट्याच्या घरात मासा कधी शिजलाच नाही. पापलेट आणि बांगडा शेजारी ठेवले असते, तर तुम्ही दोघांनाही नमस्कार केला असतात. आणि असे तुम्ही कंपनीच्या कामाला म्हणून जामनगरला जाता, परत आल्यावर पिशवी ओट्यावर टेकवता आणि सांगायला लागता. ओहोटी लागली की तिथं प्रवाळावरून चालत जाता येतं. मधल्या डबक्यात वाळूत बीळ असतं आणि बिळाच्या तोंडाशी करंगळीएवढा मासा पहाऱ्याला बसलेला. रंग वाळूचाच, अंगावर तपकिरी पट्टे, गालावर निळे ठिपके, डोळे बेडकासारखे डोक्यावर. बीळ खणते मात्र एक कोळंबी. तिला धड दिसत नाही, म्हणून ती एक मिशी सतत त्याच्या अंगाला लावून असते. आपली सावली पडली की तो शेपूट हलवतो, आणि दोघं आत गुडुप!

"गोबी म्हणतात त्याला," तुम्ही म्हणालात.

आईचं लाटणं थांबलं. "अगं बाई, आता भाजीचा मासा झाला! आणि हे नाव कोणी शिकवलं तुम्हाला?"

"तिथल्या फॉरेस्टवाल्यानं."

"वाल्यानं, का वालीनं?"

मी तेव्हा सायकलनं फतेगंजला कॉलेजात जायचे. मला आईचंच पटलं. कामाला गेलेला माणूस डबक्याशी इतका वेळ बसतो कशाला, आणि एकटा बसतो का? तुमच्या बुटांतली वाळू मी स्वतः झाडली आहे. मग तो फोन आला. बाईचा आवाज, गोड. "अंकलने कहेजो, भरती बंद थई गई. हवे धक्को ना खाय." ना नाव, ना गाव. उगाच खेप घालू नका म्हणे! मी आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "समुद्राची भरती कधी बंद होते का गं? ही त्यांची खूण आहे." निरोप ऐकून तुम्ही नुसते पंख्याकडे बघत बसलात. त्यानंतर तुमची जामनगरची वारी थांबली. आम्ही म्हटलं, चोर सापडला. आई तुम्हाला वाढायची, पण बोलणं बंद. तुम्ही गेल्यावर फोटोला हार घातला तिनं, पण जामनगर म्हटलं की अजून तोंड फिरवते.

गेल्या महिन्यात एका ऑफिसच्या दारात वॉचमन एका मुलाला म्हणाला, "भरती बंद छे, भाई." मी जागीच थबकले. नोकरभरती! तशीच शहरातल्या वाडी भागात तुमच्या कंपनीतल्या मित्राकडे गेले. मग त्यांनी सांगितलं. तुम्ही दोघांनीही घरी न सांगता व्हीआरएस घेतली होती आणि तिकडच्या नव्या कारखान्यांत काम शोधत होतात. तिथं तरुण पोरं हवी होती. परतीच्या गाडीला वेळ असायचा, तेव्हा ते झाडाखाली पडायचे आणि तुम्ही एकटेच समुद्राकडे जायचात. मला रडू आलं, आणि रागही आला. सांगायला काय झालं होतं, बाबा?

आईला सगळं सांगितलं, तर ती म्हणते, "मित्र मित्राचीच बाजू घेणार. तो मासा तरी खरा होता का, ते बघून ये."

गेले. मान अवघडेपर्यंत डबक्याशी बसले. खेकडे दिसले, बिळं दिसली. परत आले तेव्हा आई दारातच उभी. "दिसला," मी म्हटलं आणि तुमचं सगळं वर्णन घडाघडा सांगितलं.

"गालावर निळे ठिपके?"

"हो, निळेच."

तिनं माझ्या हातातली पिशवी घेतली. मग म्हणाली, "म्हणजे एकटेच बसायचे गं ते." त्या दिवशी जेवताना ती तुमच्याबद्दलच बोलत होती.

मला मासा दिसला नाही, बाबा. बिळासमोर माझीच सावली पडत होती. आणि इतकं बेमालूम सांगता आलं मला, की आता नवाच संशय छळतो आहे. तुम्हाला तरी तो दिसला होता ना?